कणकुंबीचा पाऊस दोन समुद्रांना का जातो?

कळसा-भांडुरा, म्हणजे गोव्याकडे वाहणाऱ्या या दोन नाल्यांचं पाणी पूर्वेच्या मलप्रभेत वळवायची योजना. हे नाव ऐकलं नाही असा माणूस बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सापडणार नाही. निवडणूक जवळ आली की विषय निघतो, गोव्यात निषेध होतो, हुबळी-धारवाडकडे बंद पुकारला जातो आणि पेपरात लवाद, टीएमसी असे शब्द मोठ्या अक्षरांत येतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जुलैत दुसरी बातमी येते: चोर्ला घाटात दरड कोसळली, गोव्याची वाहतूक वळवली. मग ऑगस्टच्या सुमारास तिसरी: कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्राबाहेर, चिकोडी तालुक्यातले बंधारे पाण्याखाली.

या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून येतात. जमिनीकडून पाहिलं तर मात्र ती एकच गोष्ट आहे. पाणी उंचावरची जमीन कुजवतं, कापतं, वाहून नेतं आणि सखल भागात टाकतं. हे काम आपल्या भागात घाटमाथ्यापासून अथणीच्या काळ्या रानापर्यंत सलग बघायला मिळतं, तेही एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात. भूगोलाच्या पुस्तकात मात्र यासाठी कोलोराडोच्या घळईचं चित्र असतं. असो.

खानापूर तालुक्यात घाटमाथ्यावर असलेल्या कणकुंबी गावापासून सुरुवात करू. माउली देवीच्या परिसरात मलप्रभेचं उगमकुंड आहे. तिथलं पाणी पूर्वेला निघतं, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण ओलांडतं, बदामी-पट्टदकलवरून जातं, सुमारे 304 किलोमीटरनंतर कूडलसंगम इथे कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच कणकुंबीच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला तोंड करून आहे. त्याचं पाणी म्हादईत, म्हणजे गोवेकरांच्या मांडवीत, आणि तिथून अरबी समुद्रात. पावसाची एकच सर, पण थेंब कुठे पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. या दोन बाजूंच्या मधल्या उंच रेषेला जलविभाजक म्हणतात. नकाशावर ती पक्की शाईने काढलेली असते. जमिनीवर ती सरकते.

आधी दगड बघू

आपल्या जिल्ह्यात ढोबळमानाने तीन वयांचे दगड आहेत. सगळ्यात जुने खानापूरच्या दक्षिणेकडच्या जंगलात आणि पूर्वेला बैलहोंगलच्या बाजूला उघडे पडलेले, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. त्यांच्यावर, गोकाक-सौंदत्ती-रामदुर्गच्या पट्ट्यात, उथळ समुद्रात साचलेल्या वाळूचे घट्ट झालेले थर. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून त्यांना कलादगीचे खडक म्हणतात. त्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडे जातं.

तिसरा दगड तुमच्याआमच्या ओळखीचा: काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन त्याखाली आहे. महाबळेश्वरच्या बाजूला हे थर मिळून दोन किलोमीटरच्या आसपास जाड भरतात. बेळगाव त्या पसाऱ्याच्या दक्षिण काठावर असल्याने इथे ते पातळ होत जातात. येळ्ळूरच्या राजहंसगडापासून चंदगडच्या बाजूच्या किल्ल्यांपर्यंत बरेच डोंगर वरून सपाट दिसतात, ते या आडव्या थरांमुळे. डोंगर वर उचलला गेला आणि माथा सपाट राहिला, असं झालेलं नाही. एकेकाळी सगळीच जमीन त्या उंचीवर होती, आजूबाजूची कापली गेली आणि हे तुकडे उरले.

दगड कुजतो

चोर्ल्याच्या रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय तिथे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं ती कापलेली भिंत पाहावी (पावसाळ्यात नको, कारण पुढे येईलच). वर हातभर लाल माती आणि मुळं. खाली पिवळसर-तपकिरी भुसभुशीत थर, त्यात अडकलेले गोल गोल धोंडे. एखाद्या धोंड्याची कड नखाने खरवडली तर भुकटी हाताला येते, तिच्या आत बोटभर जाडीचं गंजलेलं कवच असतं आणि अगदी गाभ्यात काळाभोर, हातोडा मारला तर खणखणीत वाजणारा दगड. हे धोंडे कुणी वाहून आणून टाकलेले नसतात. मूळचा अखंड खडक भेगांमध्ये मुरलेल्या पाण्याने चहूबाजूंनी कुजत आला आणि न कुजलेला मधला भाग उरला.

भूगोलात याला विदारण म्हणतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी दगडातली चुना, सोडा, पोटॅश ही द्रव्यं विरघळवून नेतं, लोखंड गंजवतं आणि उरलेल्याची चिकणमाती करतं. खानापूरची कौलं आणि मडकी ज्या मातीची झाली, ती माती म्हणजे कुजलेला दगडच.

दगड कुजणं आणि कुजलेला दगड हलणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिलं काम जागच्या जागी चालतं, त्याचा आवाज होत नाही, त्याची बातमी होत नाही. दुसऱ्याला अपक्षरण म्हणतात, आपण साध्या भाषेत झीज म्हणू. बातमी होते ती झिजेची. पण पहिलं काम झालेलंच नसेल तर दुसऱ्याला हलवायला काही मिळत नाही.

जांभा: सगळं निघून गेल्यावर जे उरतं ते

बेळगाव शहर, जांबोटीचा भाग, घाटमाथ्यावरचे सडे (म्हणजे सपाट, उघडे कातळ), सगळीकडे जांभा. घरं त्याचीच, गडग्यांची चिरेबंदीही त्याचीच. तरीही जांभा नेमका काय प्रकार आहे हे विचारलं तर "लाल दगड" यापलीकडे उत्तर येत नाही.

बेसाल्टमधून लाखो वर्षं भरपूर पाणी खाली झिरपत राहिलं की विरघळण्याजोगं सगळं निघून जातं. आधी चुना आणि सोडा, मग हळूहळू वाळू जिची बनते ती सिलिकासुद्धा. मागे राहतात दोनच हट्टी वस्तू, लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनिअमची संयुगं. लाल रंग त्या गंजाचा. ज्या सड्यांवर अ‍ॅल्युमिनिअमचा वाटा फार वाढला, त्या दगडाला बॉक्साइट म्हणतात. चंदगडच्या बाजूला त्याच्या खाणी निघाल्या आणि बेळगावला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला, त्याचं मूळ कारण त्या माथ्यांवर कोट्यवधी वर्षं पडलेला पाऊस.

खाणीतून ताजा निघालेला जांभा त्या मानाने मऊ असतो, हत्याराने चिरा कापता येतो. उघड्यावर वाळला की त्यातला लोखंडाचा भाग आवळून बसतो आणि दगड टणक होतो. सड्यावरही हेच होतं. वरचा जांभा टणक टोपी बनतो आणि खालच्या मऊ मातीचं रक्षण करतो. म्हणून सडे टिकले.

पण ही टोपी भोकाभोकांची आहे. पाऊस तिच्यातून आत उतरतो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर येऊन अडतो. चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही, तेव्हा ते आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या वाड्यांना पाणी देणारे झरे बहुधा याच सांध्यावर सापडतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये नदीच्या उगमाकडे जी बारीक धार टिकते तीही यांच्याच जिवावर. सड्यावरचा जांभा खरवडून नेला तर खाली नुसती माती उघडी पडते असं नाही, पाणी साठवणारी टाकीच जाते. खाणीच्या परवान्याच्या चर्चेत झाडं किती तोडणार हे मोजतात. झऱ्यांचा हिशेब क्वचितच कुणी विचारतं.

तोच बेसाल्ट पूर्वेकडे, अथणीच्या बाजूला, वेगळा वागतो. तिथे पाऊस साधारण 600 मिलिमीटरच्या आतबाहेर. बेळगावला त्याच्या दुपटीच्या आसपास आणि कणकुंबीला त्याहून कितीतरी जास्त. कमी पावसात चुना धुऊन जात नाही, मातीतच राहतो, आणि लाल जांभ्याऐवजी तयार होते काळी जमीन. दगड एकच असला तरी पाऊस बदलला की जमीन बदलते. म्हणून बेळगावच्या पश्चिमेच्या तांबड्या मातीत रताळी आणि अथणीकडच्या काळ्या रानात शाळू. एक गोष्ट मात्र सांगायला हवी: आपला सगळा जांभा आजच्या पावसाने केलेला नाही. त्यातला पुष्कळसा फार जुना आहे, तेव्हाचं हवामानही वेगळं होतं.

बांध खालून खचतो

आता मूळ प्रश्न. जलविभाजक कसा सरकतो?

ज्यांनी उताराच्या खाचरांत भात लावलंय त्यांना हे शिकवायची गरज नाही. वरच्या खाचरात पाणी भरलंय, खालचं खाचर दोन हात खाली आहे. बांधावर एका जागी पाणी काढून द्यायची वाट केली की तिथून धार खाली पडते. धार पडते त्या जागी, बांधाच्या पायथ्याशी, आधी वीतभर खड्डा होतो. खड्डा बांधाचा पाया पोखरतो, वरची माती बसते, धार एक पाऊल मागे सरकते आणि तिथे पुन्हा तेच सुरू. लक्ष दिलं नाही तर सकाळपर्यंत ती घळ वरच्या खाचरात शिरलेली असते. पाणी वाहतं खाली, पण खचणं सरकतं वर. दगड लावून, गवताचा ढेप बसवून ती वाट बंद केली नाही तर वरच्या खाचरातलं सगळं पाणी त्या एका घळीतून निघून जातं.

सह्याद्रीची पश्चिम कड हा असाच एक बांध आहे. वरचं खाचर म्हणजे आपलं पठार, समुद्रसपाटीपासून साधारण 750 ते 800 मीटरवर. खालचं खाचर म्हणजे गोवा-कोकण. गावाकडे आपण सह्याद्रीला डोंगररांग म्हणतो, पण कोकणातून वर चढून आलात तर पलीकडे उतरायला फारसं काही नसतं, पठारच लागतं. घाट ही पठाराची तुटलेली कड आहे.

ती तुटली कशी? लाव्ह्याच्या उद्रेकानंतर काही दशलक्ष वर्षांतच आजची सेशेल्स बेटं भारतापासून वेगळी झाली, पश्चिमेची जमीन तुटून खाली बसली आणि तिथे समुद्र आला. म्हणजे उंच पठाराच्या अगदी शेजारी अचानक एक खोल जागा तयार झाली. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही कथा आपल्या सगळ्यांना प्रिय आहे. दगडांची साक्ष थोडी उलट आहे, आधी समुद्र आत आला. त्यानंतरची मेहनत पश्चिमेच्या लहान नद्यांनी केली.

या नद्यांकडे जोर कुठून आला ते साध्या भागाकाराने दिसतं. कणकुंबीपासून पणजीचा किनारा सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. सुमारे 800 मीटरची उंची या अंतरात उतरायची, म्हणजे किलोमीटरला सरासरी 16 मीटर. पूर्वेच्या वाटेने बंगालचा उपसागर हजार किलोमीटरहून लांब आहे. तीच उंची तेवढ्या अंतरावर वाटली तर किलोमीटरला एक मीटरसुद्धा उतार मिळत नाही. त्यात पाऊस घाटाच्या तोंडावर सगळ्यात जास्त. पश्चिमेच्या ओढ्यांना पाणीही जास्त आणि उतारही जास्त, म्हणून त्यांची कापण्याची ताकद पूर्वेच्या नद्यांपेक्षा कितीतरी पट. जांबोटीजवळ म्हादई पठारावरून वाहत येते आणि वज्रपोह्याला एकदम दरीत कोसळते. तो धबधबा म्हणजे बांधावरची ती धार, मागे सरकत असलेली.

असं मागे सरकता सरकता पश्चिमेचा ओढा कधी तरी पूर्वेच्या नदीच्या पात्रापर्यंत पोचतो आणि तिचं वरचं पाणी आपल्याकडे ओढून घेतो. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. शब्द जरा नाट्यमय आहे, पण घटना खरी आहे. शरावतीसारख्या नद्या काही अंतर वेगळ्या दिशेने जाऊन मग पश्चिमेला वळतात, त्यामागे हेच कारण असावं असं अभ्यासक मानतात.

पण हे कुणी बघितलंय का?

रास्त शंका. आजोबांच्या वेळी जिथे घाट होता तिथेच आज आहे. दगड हलत असता तर कळलं नसतं का?

हिशेब करून पाहू. समजा जमीन वर्षाला मिलिमीटरचा फक्त पन्नासावा भाग झिजते. हा मोजलेला दर नाही, उदाहरणासाठी घेतलाय. 80 वर्षांच्या आयुष्यात दीड मिलिमीटरच्या आसपास झीज भरेल, कुणाच्या डोळ्याला दिसणार? पण 6.6 कोटी वर्षांत तीच झीज 1,300 मीटरहून जास्त होते, म्हणजे आजच्या बेळगावच्या उंचीपेक्षा अधिक. आपल्याला झिजेचा वेग कमी वाटतो, कारण आपलं आयुष्य तोकडं आहे.

शिवाय ही झीज रोज सारखी होत नाही. वर्षाचे आठ महिने ओढ्यात गाळ हलतही नाही. जून ते सप्टेंबरमध्येही बरेच दिवस किरकोळ जातात. खरं काम होतं मोजक्या दिवसांत, जेव्हा एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडतो आणि घराएवढे धोंडे ओढ्यातून गडगडतात. सरासरी काढली की ते दिवस वर्षांमध्ये विरून जातात.

घाटाची कड मूळ जागेपासून नेमकी किती मागे आली यावर भूवैज्ञानिकांत वाद आहेत. कुणी ती पुष्कळ मागे आली म्हणतात, कुणी म्हणतात ती सुरुवातीपासून आजच्या जागेच्या बऱ्यापैकी जवळच होती. मागे सरकण्याची दिशा पूर्वेकडे, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

पूर्वेच्या नद्या काय करतात?

त्यांना उतार कमी म्हणून त्या आळशी, असं समजू नका. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली उडी घेते. तिथला खडक कलादगीचा, जुन्या वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला, फार कठीण. जुलैत तिथे उभं राहिलं तर गढूळ लाल पाणी, तुषारांनी भिजलेले कपडे आणि कानठळ्या एवढंच लक्षात राहतं. खरी गंमत उन्हाळ्यात, पाणी नसताना. तेव्हा कड्यावरच्या उभ्या भेगा स्पष्ट दिसतात. खडक झिजून गुळगुळीत होण्याआधीच त्या भेगांवरून मोठमोठे ठोकळे सुटून खाली पडतात, म्हणून कडा उभाच्या उभा राहतो आणि धबधबा नदीच्या उगमाकडे सरकतो. या पाण्याचा जोर माणसाने फार लवकर ओळखला. 1887 साली इथे पाण्यावर वीज तयार झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी ती एक.

नविलुतीर्थाला वेगळाच प्रकार. मलप्रभा सपाटीवरून येते, समोर वालुकाश्माची टेकडी आडवी, आणि नदी वळसा न घालता टेकडीच्या मधून अरुंद खिंडीने पार जाते. पाणी चढ चढत नाही, मग हे झालं कसं? याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की नदीची वाट टेकडी उघडी पडण्याआधीची आहे. तेव्हा वर मऊ थर होते, नदी त्यांच्यावरून वाहत होती. ते झिजत गेले, खालचा कठीण कणा हळूहळू डोकं वर काढू लागला आणि नदी आपल्या जागेवर राहून त्याला कापत गेली. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरांना यापेक्षा सोयीची जागा मिळाली नसती.

कृष्णाकाठ: नेलेलं परत टाकण्याची जागा

इतका माल नेला तो जातो कुठे? वेग कमी झाला की पाणी ओझं टाकतं, आधी गोटे, मग वाळू, शेवटी बारीक गाळ. चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांत कृष्णेला उतार फार कमी आहे. ती संथ वळणं घेत जाते आणि पुराच्या वेळी काठावर पसरून गाळ टाकते. कुडची-उगारच्या बाजूची मळीची रानं, ज्यांच्यावर ऊस उभा राहतो, ती अशाच पुरांनी अंथरलेली आहेत.

मग पुराला आपत्ती म्हणायचं नाही का? म्हणायचं, 2019च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात छपरापर्यंत पाणी होतं त्यांना दुसरा शब्द सुचवणं क्रूरपणाचं होईल. पण नदीचं पात्र उन्हाळ्यात दिसतं तेवढंच, हा समज आपला. सपाट मळीची जागा हीसुद्धा पात्रच, फक्त नदी तिचा वापर अधूनमधून करते. जुनी गावठाणं बहुतेक उंचवट्यावर आहेत आणि नव्या वसाहती, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं सखलात. बेळगाव शहरातही बळ्ळारी नाल्याचं तेच. त्याच्या काठची शहापूर, वडगाव, येळ्ळूरची शिवारं मुळात पाणी पसरण्याची जागा, म्हणून तर तिथलं बासमती नावाजलं. वरच्या बाजूला डांबर आणि काँक्रीट वाढलं की पाणी मुरत नाही, एकदम येतं, आणि भात चार-आठ दिवस बुडून कुजतं.

शेतकऱ्यांचा एक आवडता प्रश्न इथेच घेतो. दरवर्षी दगड वेचले तरी रानात पुन्हा दगड येतात, ते वाढतात का? वाढत नाहीत, वर येतात. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बारीक माती त्यांत घरंगळून खाली जाते, पावसात जमीन फुगली की दगड वर रेटला जातो. भरीला वरची बारीक माती पाण्याबरोबर निघून जाते आणि दगड जागेवर राहतो. काळ्या रानात घर बांधताना पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो तोही या फुगण्या-आकसण्यामुळेच. नाही तर भिंती तडकतात.

दरड का कोसळते? झाडं लावून भागेल का?

आधीचं सगळं इथे एकत्र येतं. वर भोकाभोकांचा जांभा, खाली चिकणमाती, त्याखाली न कुजलेला दगड आणि हे सगळं तीव्र उतारावर. सलग पाऊस लागला की चिकणमातीवर पाणी साठत जातं. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने पूर्ण भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलू लागतं. याला रंध्रजलदाब म्हणतात. कण एकमेकांना धरून राहतात ते घर्षणामुळे, आणि ही पकड सुटली की अख्खा उतार थराथराने निसटतो. 2014 साली पुणे जिल्ह्यात माळीण, 2023 मध्ये रायगडमध्ये इर्शाळवाडी, 30 जुलै 2024ला केरळमध्ये वायनाड. गावं वेगळी, पण कुजलेल्या जाड थरात शिरलेलं पाणी सगळीकडे होतं.

भूकंप लागतोच असं नाही. आपल्या भागाला भूकंप अगदी परका नाही, 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा धक्का बेळगावच्या जुन्या माणसांना आठवतो. पण पावसाळ्यातल्या दरडींना बहुतेक वेळा पाणीच पुरतं.

झाडांचा उपयोग होतो, पण मर्यादेत. मुळं वरची मीटर-दोन मीटर माती बांधून ठेवतात आणि पावसाचा मारा अडवतात. निसटण्याची जागा आठ-दहा मीटर खाली असेल तर मुळं तिथपर्यंत पोचत नाहीत, झाडांसकट उतार खाली येतो. खरी चूक बहुधा पायथ्याशी होते. रस्ता रुंद करायला, घराला सपाट जागा करायला उताराचा पाय उभा कापतात आणि बांधाच्या पायथ्याशी पडलेला खड्डा आपणच मशीनने पाडून देतो. 16 जुलै 2024ला अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर दरड आली, तिथेही डोंगर रस्त्यासाठी कापलेला होता.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. घराच्या वरच्या बाजूला जमिनीला नवी आडवी भेग. विजेचा खांब किंवा झाड अचानक झुकणं. दारं-खिडक्या उगाच अडकू लागणं. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणं, किंवा भर पावसात बंद पडणं. शेवटची खूण सगळ्यात वाईट, कारण पाणी आत अडकून दाब वाढतोय असा तिचा अर्थ होऊ शकतो. अशा वेळी तहसीलदार कचेरीला कळवावं, आणि उत्तराची वाट बघत घरात बसू नये.

निसर्गच नदी पळवतो, मग माणसाने पळवली तर काय बिघडलं?

चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास येतो आणि तो मूर्खपणाचा नाही. मलप्रभेची बाजूही खोटी नाही. नविलुतीर्थाची क्षमता 37.73 टीएमसी, पण हे धरण पूर्ण भरण्याची वर्षं थोडी. खालच्या भागाला प्यायला पाणी लागतं. 2018च्या ऑगस्टमध्ये म्हादईच्या पाणीवाटपाचा तंटा ऐकणाऱ्या लवादाने कळसासाठी 1.72 आणि भांडुऱ्यासाठी 2.18 टीएमसी मान्य केलं, ते याच गरजेसाठी. ते पुरेसं की जास्त, हक्क कुणाचा, हे कोर्टाचं आणि राजकारणाचं काम. मी फक्त जमिनीचं सांगतो.

पहिलं, दिशा. वर पाहिलं तसं निसर्ग या कडेवर पूर्वेचं पाणी पश्चिमेला देत आलाय. कालवा नेमका उलटं करायला निघतो. म्हणून तो एकदा बांधून सोडून देता येत नाही, कायम राखावा लागतो. दुसरा फरक काळाचा. ओढ्याने नदी ओढून घ्यायला लाखो वर्षं लागतात, तेवढ्यात खालची पात्रं, जंगल, खाडीतलं खारं-गोडं पाणी आपापला मेळ बसवून घेतात. मांडवीच्या खालच्या भागात भरतीचं खारं पाणी आत येतं, त्याला मागे रेटतं ते वरून येणारं गोडं पाणी. कालवा हा बदल एका हंगामात करतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यात कमी बोलली जाते. कणकुंबीजवळ कालव्यासाठी खोदकाम झालेलं आहे. या जमिनीत खोल चर काढणं म्हणजे जांभा कापून खालच्या चिकणमातीपर्यंत जाणं, म्हणजेच झरे जिथून निघतात त्या सांध्याला हात घालणं. आडवं सरकणारं पाणी तिथे चरात उतरणार, चरापलीकडच्या विहिरींची पातळी खाली जाणार, आणि चराच्या उभ्या भिंती दर पावसाळ्यात थोड्या थोड्या आत बसणार. पाणी पूर्वेला गेलं काय आणि पश्चिमेला राहिलं काय, चराच्या दोन्ही बाजूंची घरं आणि विहिरी खानापूर तालुक्यातल्याच लोकांची आहेत. टीएमसीच्या तक्त्यात त्यांच्या विहिरींसाठी रकाना नाही.